मायच्या नावाचं वावर

आमच्या घरात बाबांचा आवाज आधी उठायचा, माणूस मागून. सभेत लाउडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला फरक कळू नये असा तो आवाज, आणि घरातही ते त्याच पट्टीत बोलत. चहात साखर कमी पडली तर ती सरकारनंच कमी टाकल्यासारखी तक्रार करत. माय चुलीपुढून शांतपणे म्हणायची, "काहो, मी इथंच आहो. मुंबईले नाई गेली." मग ते हसायचे, पुढचं वाक्य जरा हळू बोलायचे आणि त्याच्या पुढचं पुन्हा तसंच. मायचं बोलणं मात्र शेजारच्या शेवंताकाकूला भिंतीला कान लावल्याशिवाय ऐकू जात नसे. काकू तो रोज लावायची, आणि मायला ते माहीत होतं.

आमचं गाव मोताळ्याच्या पुढं, मलकापूरच्या रस्त्याला लागून. मी गावातली शाळा संपवून घरी बसलेली होते. पुढं शिकायला पाठवायचं की नाही, याचा निकाल बाबांना चळवळीतून सवड मिळाली की लागणार होता. ती मिळत नव्हती. म्हणून मी आपली मायच्या हाताखाली भाकरी शिकत होते आणि ओट्यावरच्या गप्पा ऐकत होते. घरात मला बेबी म्हणत. आमच्याकडं प्रत्येक घरात एक बेबी असतेच. मी आता म्हातारी झाले, गुडघे धरून जिना चढते, तरी गावाकडून फोन आला की पलीकडून बेबीच ऐकू येतं.

चळवळ म्हणजे काय ते मला आधी चपलांवरून कळलं. दिवेलागणीच्या आधी आमच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. टायरच्या, चामड्याच्या, एका अंगठ्यावर तगलेल्या, सगळ्या काळ्या मातीनं भरलेल्या. ओट्यावर शेतकरी बसायचे, छातीवर बिल्ला लावून. कापसाच्या भावावर बोलणं चालायचं. तेव्हा कापूस सरकारलाच विकावा लागे. पलीकडं मध्यप्रदेशात, अगदी बऱ्हाणपुरापर्यंत, चांगला भाव असला तरी गाडी हद्दीपल्याड न्यायची नाही असा कायदा होता, आणि त्या कायद्यावर बाबांचं तोंड सुटलं की माय मला हळूच म्हणायची, "गंज चढव, आता लवकर उठत नाई हे." गंज म्हणजे आमचं मोठं पितळी पातेलं. त्यात चहा उकळायचा, आलं ठेचायचा आवाज यायचा आणि बाहेरून बाबांचं ठरलेलं वाक्य यायचं, "जो राबते, त्यानंच किंमत सांगाव. दुसऱ्यानं नाई." त्यावर रफीकचाचा म्हणायचे, "बराबर बोले पाटील." रफीकचाचा बाबांचे जिवलग. त्यांचं शेत आमच्याच शिवारात होतं आणि मोर्चाला निघताना दोघांची एकच सायकल असायची, एकानं चालवायची आणि एकानं मागं बसून घोषणा द्यायच्या.

हिवाळा लागला की गप्पा आणखी लांबत, कारण मग भरीत असायचं. हिरवी मोठी वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसूण कुटायचा, वर कांद्याची पात, आणि जोडीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. जाळावर वांग्याची साल फुटताना एक चिरका आवाज होतो. आजही गॅसवर वांगं भाजताना मी तो ऐकायला थांबते आणि तो काही येत नाही. ओट्यावरची माणसं बोटं चाटून म्हणायची, "वहिनी, असं भरीत मुख्यमंत्र्याच्या घरी नसन." मायला त्या कौतुकाचा कंटाळा होता. ती मला म्हणायची, "यायले भाव पाह्यजे, अन् मले सरपण. कोन आणून राह्यलं?"

पण तिला चळवळीचा राग नव्हता, हे सांगायला हवं. मलकापूरला हमरस्ता अडवायचं ठरलं तेव्हा गावातल्या बायाही गेल्या. माय गेली, शेवंताकाकू गेली, रफीकचाचांची बायको झुलेखाचाची गेली. ट्रकांची रांग लागली, पोलिसांनी सगळ्यांना गाड्यांत भरलं आणि बायांना जेलात नेलं. चार-दोन दिवसांनी माय परत आली ती चक्क जाड होऊन आली असं मला वाटलं. मी गळ्यात पडून रडायला लागले तर ती म्हणाली, "अवं, रडतं काऊन? आयतं खाल्लं पोटभर. डाळ पाणचटच होती, पण मी नाई केली ना." लग्न झाल्यापासून तिनं दुसऱ्याच्या हातचं सलग जेवण पहिल्यांदा जेलातच खाल्लं होतं. पुढं कितीतरी दिवस ती चुलीपुढं बसल्या बसल्या मधेच हसायची.

मग ती जमिनीची गोष्ट निघाली. चळवळीच्या पुढाऱ्यांच्या मनात आलं की शेतकरी सरकारकडं न्याय मागतो, पण घरातली बाई त्याच्याइतकीच राबते आणि तिच्या नावावर मातीचं ढेकूळही नाही. तर ज्याच्या त्याच्या खुशीनं जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावावर करावा. ज्या गावातले बरेच जण असं करतील त्या गावाला मोठे पुढारी स्वतः येतील, बायांचा सत्कार करतील. बाबा ते बुलडाण्याच्या बैठकीत ऐकून आले आणि त्यांना राहवेना. ओट्यावर माणसं जमल्या जमल्या त्यांनी जाहीर केलं, आणि बाबांनी जाहीर केलं म्हणजे वेशीपर्यंत जाहीर झालं, "आपलं गाव पह्यलं आलं पाह्यजे. माह्यापासूनच धरा. मी बेबीच्या मायच्या नावानं वावर करून देतो."

माय आत भाकरी थापत होती. तिनं हात पुसले आणि ती उंबऱ्यापर्यंत गेली. पुरुष बसलेले असताना ती तिथवर कधी जात नसे. पदर नीट करून तिनं विचारलं, "कोनतं?"

"आँ?" बाबा म्हणाले. त्यांना प्रश्न समजलाच नाही.

"वावर म्हतलं. कोनतं?"

"अवं, कोनतं म्हणजे? टेकडीखालचं."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. रफीकचाचा उठून उभे राहिले आणि आपणही देत असल्याचं त्यांनी सांगितलं. माय वळली. आत आली, तव्यावरची भाकर जळली होती ती काढली आणि चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं करत बसली. मी पाहिलं तर तिचे डोळे भरले होते. माय धुरानं रडत नसे, धुराची तिला सवय होती.

आमची वावरं दोन. टेकडीखालचं ते बरड, म्हणजे मुरूम आणि वर बोटभर माती. पावसाळ्यात थोडी मटकी येई, बाकी कुसळ. आणि दुसरं नाल्याकाठचं, काळंभोर, दिवाळीनंतरही मूठभर माती दाबली तर लाडू व्हावा असं. त्याच्यावर आमचं घर चालायचं. पण ते तसं आयतं मिळालेलं नव्हतं. माय लग्न होऊन आली तेव्हा त्यात कुंदा माजलेला होता. कुंदा म्हणजे असं गवत की ज्याच्या मुळ्या पुरुषभर खाली जातात. नांगरून ते मरत नाही, उलट वाढतं. ते एकाच उपायानं जातं, उन्हाळ्यात कुदळीनं खणून प्रत्येक मुळी हातानं काढायची. मायनं ते काम वर्षानुवर्षं केलं. बाबा सभेला, मोर्चाला, माय कुंद्याला. माझ्या वेळेला तिला कळा लागल्या त्या त्याच वावरात, कुदळ हातात असताना, असं शेवंताकाकू सांगायची. मायला विचारलं तर म्हणायची, "हाव, अन् तो तास अर्धाच खणून राह्यला बाप्पा."

बाबा वाईट नव्हते. मी त्यांची बाजू घेते असं कोणी म्हणेल, तर म्हणू दे. त्यांनी मायवर कधी हात उचलला नाही, खोटं कधी बोलले नाहीत. त्यांच्या हिशेबी सगळं वावर घराचंच होतं. नाव कागदापुरतं, मग बरडाचं काय आणि काळ्याचं काय? गंमत अशी, की गावातल्या साऱ्या पुरुषांनी, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, हीच हुशारी केली. ज्याला त्याला वाटलं की आपणच तेवढं हे केलं. टेकडीचा सारा उतार त्या आठवड्यात बायकांना वाटून झाला. रफीकचाचांकडं बरड नव्हतं, तर त्यांनी बाभळीची पट्टी देऊ केली.

हे बायांना कळलं ते सीतादहीच्या दिवशी. कापसाची पहिली वेचणी असली की आमच्याकडं बाया वावरात दहीभाताचा नैवेद्य घेऊन जातात. झाडांना हळदकुंकू वाहायचं, दहीभात शिंपायचा आणि मग तिथंच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून उरलेला खायचा. त्याला सीतादही म्हणतात. पुरुष तिथं नसतात. त्या दिवशी शेवंताकाकूच्या दिरांच्या वावरात वेचणी होती. पांढरी बोंडं फुटलेली, दही आंबट, कोणीतरी मिरचीचा ठेचलेला खुडा आणलेला. एकीनं लाजत लाजत सांगितलं की आमच्या यायनं मले वावर देल्लं. कोणतं, असं मायनं विचारलं. ती म्हणाली, टेकडीखालचं. दुसरी म्हणाली, मलेही. मग तिसरी. झुलेखाचाची भात चिवडत म्हणाली, "हमारे इनो ने तो बबूल की पट्टी दी, बाई. बकऱ्या चराने कू." आणि एकदम सगळ्या हसायला लागल्या. हसून हसून पदरानं डोळे पुसले. मग ते हसणं संपलं.

शेवंताकाकू हसली नव्हती. काकू विधवा होती. नवरा गेला तेव्हा दिरांनी वाटणी केली आणि गोड बोलून तिला बरड दिलं. त्यावर काही पिकत नसे, म्हणून ती गावभर मजुरीला जायची. ती म्हणाली, "हसा तुमी. मी त्या बरडावर राह्यलेली आहो. माणूस जिता आहे तोवर सारं घराचंच असते. माणूस गेला का मंग कागद पाहतात." मायनं हातातला दहीभात खाली ठेवला.

काकूची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. तेव्हा पेरणी तिफणीनं व्हायची. पुरुष बैल हाकायचा आणि तिफणीवर एक लाकडी वाटी असायची, चाडं, त्यात कोणीतरी मुठीनं बी सोडत चालायचं. मूठ ढिली झाली तर बी एका जागी सांडतं, घट्ट झाली तर तास, म्हणजे पेरणीची ओळ, रिकामा जातो. आमच्या गावात चाड्यावर मूठ बायाच धरायच्या. पुरुष म्हणायचे, ते बायांचं काम आहे, हलकं आहे. गावात काकूची मूठ नावाजलेली होती आणि तिच्या खालोखाल मायची. धुऱ्यावरून उठता उठता काकू मायला म्हणाली, "नाल्याकाठचं वावर त्यायचं आहे ना? मंग मूठ बी त्यायनंच धराव." बाकीच्या बायांनी ते ऐकलं. कोणी शपथ घेतली नाही की काही ठरवलं नाही. सगळ्या कापूस वेचायला लागल्या.

दिवाळी झाली. मूग निघून नाल्याकाठचं वावर मोकळं झालं होतं आणि हरभरा पेरायची वेळ आली. बाबांनी तिफण काढली, बैलांना पाणी दाखवलं आणि ओरडून सांगितलं, "चाल वं, ऊन व्हायच्या अंदर दोन पट्ट्या होतीन."

माय ज्वारी निवडत होती. म्हणाली, "मी नाई येत."

"बरं नाई काय?"

"बरं आहे. ते वावर तुमचं. बाई लावा मजुरीनं."

बाबांना वाटलं ती चिडवते आहे. ते शेवंताकाकूकडं गेले. काकू म्हणाली की तिचा खांदा दुखतो. पुढच्या घरी गेले, तिथल्या बाईचं लेकरू रडत होतं. त्याच्या पुढच्या घरी गेले. गावातल्या सगळ्या बायांचे खांदे आणि सगळी लेकरं एकाच सकाळी बिघडलेली. वाटेत त्यांना रफीकचाचा भेटले, तेही मूठ धरणारी बाई शोधत होते. झुलेखाचाची घरात कुराण वाचत बसली होती आणि मधेच उठवायची कोणाची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. वाऱ्यानं वरची माती पांढरी पडायला लागली. हरभरा असा, की जमिनीत ओल आहे तोवर पडला तर पडला. ओल खाली उतरली की बी कोरडं राहतं आणि वर्ष हातचं जातं. घरात भीती मलाही वाटत होती. मी मायला म्हटलं, "माय, जाय ना वं. नाईतर खाऊ काय आपण?" ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "मले काय वाटत नसन? मी झोपली नाई परवापासून. पण आता गेली तं जलमभर गेली."

शेवटी बाबांनी आणि रफीकचाचांनी आपसात जमवलं. चाचांनी बैल हाकले आणि बाबांनी चाड्यावर मूठ धरली. हलकंच तर काम. मी धुऱ्यावर पाण्याचा घडा घेऊन बसले होते. बाबा चालताना भाषणासारखा हात हलवत होते, त्याला मी तरी काय करू? एका तासाला मूठ लगेच रिकामी व्हायची, एकाला तशीच बंद राहायची. चाचा मागं वळून म्हणायचे, "पाटील, गिर रहा ना?" बाबा म्हणायचे, "गिरते बे, तू सामने पाह्य." संध्याकाळपर्यंत त्यांनी सारं वावर पेरून काढलं आणि दोघं मोठ्या रुबाबात घरी आले. बाबांनी जेवताना मायकडं तिरकं पाहून सांगितलं की त्यात काहीच विशेष नाही.

आठवड्यात हरभरा उगवला. एका जागी ओंजळभर कोंब एकमेकांच्या डोक्यावर चढलेले आणि पुढं खाट टाकता येईल एवढी उघडी माती. पुन्हा झुबका, पुन्हा माती. आणि वावर मलकापूरच्या रस्त्याला लागून. एसटी जायची तेव्हा ड्रायव्हर वेग कमी करायचा आणि लोक खिडक्यांतून वाकून बघायचे. बाजाराला जाणारे विचारायचे, पाटील, ही कोणती नवीन पद्धत? रफीकचाचांचं वावर आत होतं म्हणून त्यांची अब्रू वाचली. त्यातच निरोप आला की गाव यादीत बसलं आहे, मोठे पुढारी लवकरच सत्काराला येणार. येणार म्हणजे त्याच रस्त्यानं येणार.

त्या दिवशी ओट्यावर कोणी आलं नाही. दारात फक्त बाबांच्या चपला. ते आत आले आणि चुलीपाशी पाटावर बसले. एवढ्या वर्षांत ते तिथं जेवायच्या वेळेशिवाय बसलेले मला आठवत नाहीत.

"गावभर हसं करून राह्यली तू माहं," ते म्हणाले.

"मी काय केलं? मी तं घरीच होती."

"तेच तं." त्यांनी पाट जरा पुढं ओढला. "अवं, सारं वावर घराचंच आहे ना? नाव कोनाचं बी असो, खाणार आपणच."

"मंग नाल्याकाठचं करा माह्या नावानं," माय म्हणाली. "नाव कोनाचं बी असो म्हन्ता ना."

इतक्या सभा गाजवलेला माणूस चुलीतलं लाकूड मागंपुढं करत बसला. मला आत कुठंतरी गार वाटलं, आणि बाबांची कीवही आली.

मायनं भाकर तव्यावर टाकली. ती कधी इतकं बोललेली मी ऐकलं नव्हतं, आणि बोलली ती नेहमीच्याच हळू आवाजात. "तुमी मोर्चात काय सांगता? जो राबते त्यानं किंमत सांगाव. मी ते ऐकूनच रस्त्यावर बसली, जेलात गेली. मंग त्या वावरातला कुंदा कोनं काढला? तुमी राबले, मी नाई म्हनत नाई. पण कुंदा कोनं काढला?" बाबा खाली बघत होते. "मले भेव वाटते हो. तुमाले काई झालं तं तुमचे भाऊ येतीन, गोडच बोलतीन, अन् मले शेवंतासारखं टेकडीखाली बसवतीन. मी काय कुसळ खाऊ? या पोट्टीले काय देऊ? मले सत्कार नाई पाह्यजे. हार नाई पाह्यजे. ते वावर माहं आहे, म्हणून मले पाह्यजे."

चुलीतलं लाकूड तडतडलं. बाबांनी भाकर घेतली, अर्धी खाल्ली आणि हात धुऊन बाहेर गेले. शेवंताकाकूच्या भिंतीपलीकडून भांड्याचाही आवाज आला नाही.

या गोष्टीला आता किती काळ लोटला. मी बुलडाण्यात राहते. मास्तरीण म्हणून नोकरी झाली, पेन्शन येते. कचेरीवर जाणारे मोर्चे माझ्या खिडकीखालून जातात. सोयाबीनचा भाव, कापसाचा भाव, पीकविमा. घोषणा बदलल्या, बिल्ल्यांचे रंग बदलले, कालचे दोन मित्र आज दोन पक्षांचे झाले. मी खिडकीत उभी राहते. तरण्या पोरांचे आवाज चांगले असतात, त्यांचा राग खरा असतो, आणि माझा जीव त्यांच्याकडं ओढतो. पण मी प्रत्येक वेळी बघते की बाया कुठं आहेत. त्या असतात, पुढं असतात, फोटो काढायला बऱ्या दिसतात. मला खाली जाऊन एकेकीला विचारावंसं वाटतं, वावर कोणाच्या नावावर आहे वं? गुडघे जाऊ देत नाहीत म्हणून बऱ्याच जणी वाचतात.

तर चुलीपाशी झालेल्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि मायला म्हणाले, "लुगडं बदल. मोताळ्याले जा लागते." मीही गेले. तलाठ्यानं बरडाचा आधीचा अर्ज काढला आणि विचारलं की आता काय बदल करायचा. बाबांनी सांगितलं. तलाठी म्हणाला, "जरा मोठ्यानं सांगा, ऐकू नाई आलं." आयुष्यात बाबांना हे कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं. बाबांनी पुन्हा सांगितलं, नाल्याकाठचं. मायनं सही केली. तिला सही येत होती, फक्त करायची वेळ कधी आली नव्हती. ती इतका वेळ लावून सही करत होती की तलाठी उठून पाणी पिऊन आला.

त्यानंतर सभा झाली, हार झाले, पुढारी आले. त्याचं वर्णन बाबा मरेपर्यंत करत होते, म्हणून मी करत नाही. त्यांच्या सांगण्यात ते वावर त्यांनी पहिल्या दिवसापासूनच देऊ केलेलं असायचं आणि माय ते ऐकून घ्यायची. गावातल्या इतर बायांचं म्हणाल, तर रफीकचाचांनी विहिरीजवळची पट्टी दिली, आणखी काहींनी बदलून दिलं, पुष्कळांनी नाही दिलं. सगळ्यांचं भलं झालं असं मी लिहिलं तर शेवंताकाकू वरून खाली येईल. तिचं बरड तिच्याकडंच राहिलं.

मला सांगायचं आहे ते मोताळ्याहून परत येतानाचं. एसटी आमच्या वावरापाशी आली तेव्हा मायनं एकदम कंडक्टरला हाक मारली आणि आम्ही तिथंच उतरलो. ऊन कलत होतं. माय वावरात शिरली. ते झुबके आणि त्या मधल्या उघड्या जागा बघत ती पार नाल्यापर्यंत गेली. मधे वाकून तिनं हरभऱ्याचा एक शेंडा खुडला, तोंडात टाकला आणि आंबट पाल्याची चव घेत उभी राहिली. बाबा धुऱ्यावरच थांबले होते. रोज त्या वावरात जाताना त्यांना धुरा कधी दिसला नव्हता, आज दिसला असावा.

ती परत आल्यावर ते म्हणाले, "काय करू आता याचं? मोडून करडई पेरू, का हाच राहू देऊ? तू सांग."

मायनं वळून पुन्हा एकदा सगळ्या वावराकडं पाहिलं.

"इचारून सांगतो," ती म्हणाली.

"आता कोनाले इचारतं?"

"मले."

खांद्यावरचा रुमाल काढून बाबांनी धुऱ्यावर टाकला आणि त्यावर बसून ते वाट पाहू लागले.